संघर्ष मागणीवर, सहकार्य मुक्कामावर

मुक्कामी आंदोलन म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत, किंवा ठरवलेल्या मुदतीपर्यंत, एकाच जागी रात्रंदिवस तळ ठोकून केलेले सामूहिक आंदोलन. मोर्चा काही तासांत संपतो, सभा संध्याकाळी उठते. मुक्कामी आंदोलनात माणसे तिथेच रांधतात, जेवतात, झोपतात आणि आजारीही पडतात. त्यामुळे अशा आंदोलनाला दोन अंगे असतात. एक मागणीचे, दुसरे मुक्कामाचे.

या दुसऱ्या अंगाविषयी दोन समज सर्रास आढळतात. आंदोलकांच्या बाजूने असे मानले जाते की, प्रशासनाशी बसून तळाची आखणी केली की आंदोलन सरकारी होते आणि त्याची धार जाते. प्रशासनाच्या बाजूने असे मानले जाते की, पाणी-शौचालयाची सोय केली की लोक हलणार नाहीत, म्हणून गैरसोय हाच आंदोलन आवरण्याचा सोपा उपाय. दोन्ही समज वरवरचे आहेत आणि दोन्हींची किंमत सामान्य माणूस चुकवतो. मागणी हा संघर्षाचा विषय आहे. मुक्काम हा नागरी व्यवस्थेचा विषय आहे. मागणीबाबत आंदोलक आणि शासन समोरासमोर उभे असतात. मुक्कामाबाबत दोघांवर एकच जबाबदारी असते, ती म्हणजे आलेला प्रत्येक माणूस धडधाकट घरी परतला पाहिजे. ही दोन अंगे वेगळी ठेवून आखणी केली तर आंदोलनाची धार कमी होत नाही आणि शासनाचा अधिकारही उणावत नाही. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड हे या विचाराची कसोटी घेण्यासाठी योग्य ठिकाण आहे.

१. रात्रीचा हिशेब

मोर्चा आणि मुक्काम यांत फरक पडतो तो रात्रीमुळे. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानके येथे उपयोगी पडतात. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक शौचालय आणि मुक्काम लांबला तर २० माणसांमागे एक, झोपण्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, असा हा हिशेब आहे.

५,००० माणसांच्या तळाला तो लावला तर दररोज ७५,००० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या आठ खेपा. सुरुवातीला १०० शौचालये लागतात, पुढे २५०. नुसत्या झोपण्यासाठी १७,५०० चौरस मीटर, म्हणजे सव्वाचार एकरांहून थोडी अधिक जागा लागते. चुली, वाटा, दवाखाना, वाहनतळ हे सारे त्याखेरीज.

एवढा भार कोणतीही संघटना एकटी पेलू शकत नाही. प्रशासनही एकटे पेलू शकत नाही. कोणत्या गावचे लोक कुठे झोपले आहेत, कोणाबरोबर तान्हे मूल आहे, कोणाची रोजची गोळी चुकली आहे, हे फक्त आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते. टँकर तहसीलमधून येतो, पण नळाशी रांग लावायला गावचा माणूसच लागतो. सहकार्याची गरज इथूनच सुरू होते.

२. कचारगडला काय घडते

कचारगड सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगररांगेत, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. हावडा–मुंबई लोहमार्गावरील दरेकसा हे जवळचे स्थानक, तर धनेगाव हे पायथ्याचे गाव. येथील विशाल नैसर्गिक गुहा गोंड समाजाचे मूळस्थान मानली जाते. काली कंकालीची ३३ बालके या गुहेत कोंडली गेली होती, त्यांना पारी कुपार लिंगोने जंगो रायताडच्या साथीने मुक्त केले आणि कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, शिकवण दिली, अशी गोंडी परंपरा सांगते. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांच्या लेखनाने आणि समाजातील कार्यकर्त्यांच्या खटपटीने १९८० च्या दशकापासून येथील माघ पौर्णिमेच्या यात्रेला आजचे मोठे रूप आले. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथून सगा समाज सप्तरंगी झेंडे घेऊन येतो आणि काही दिवस पायथ्याशी मुक्काम करतो.

माघ म्हणजे पानगळीचे दिवस. जंगलाच्या जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचलेला असतो, ओढ्यांचे पाणी आटत आलेले असते, रात्री थंडी असते म्हणून प्रत्येक घोळक्यात शेकोटी पेटते. वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगामही फेब्रुवारीच्या मध्यापासूनच सुरू होतो. धनेगावकडून गुहेकडे जाणारी वाट चढणीची आहे आणि चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर भेटतात. एका लहान गावाच्या हातपंपांवर आणि विहिरींवर एवढ्या लोकांची तहान भागणे शक्य नाही. म्हणून यात्रेआधी देवस्थान समिती आणि महसूल, पोलीस, वन, आरोग्य, पाणीपुरवठा ही खाती यांना एकत्र बसून तयारी करावी लागते. एसटी जादा गाड्या सोडते, आरोग्य पथके तैनात होतात.

यात्रेच्या मंचावरून केवळ धर्मोपदेश होत नाही. जनगणनेत आदिवासींच्या धर्मासाठी स्वतंत्र रकाना असावा, गोंडी भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळावे, वनहक्काचे दावे निकाली निघावेत, हे विषय गोंड समाजाच्या मेळाव्यांतून वर्षानुवर्षे मांडले जात आहेत. आता असे समजावे की, याच मागण्यांसाठी याच लोकांनी याच पायथ्याशी दहा दिवसांचा ठिय्या द्यायचे ठरवले. माणसे तीच, चुली त्याच, वाळकी पाने तीच आणि तहानही तीच. बदलतो तो फक्त कागदावरचा शब्द. ‘यात्रा’ म्हटले की पूर्वतयारीची बैठक लागते, ‘आंदोलन’ म्हटले की बंदोबस्ताचा आदेश निघतो. पहिल्या वेळी प्रशासन किती टँकर लागतील असे विचारते, दुसऱ्या वेळी किती पोलीस लागतील असे विचारते. गरजा तसूभरही बदललेल्या नसताना प्रश्न मात्र बदलतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुर्गम डोंगराळ भागात हजारो माणसांचा मुक्काम सांभाळण्याची क्षमता तालुका आणि जिल्हा प्रशासनाकडे आहे. मुक्कामी आंदोलनाच्या वेळी ही क्षमता वापरली जात नाही, तेव्हा अडचण साधनांची नसते, दृष्टीची असते.

यात्रेलाही आखणीवाचून माफी नसते, हे २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला दिसले. अरुंद चढणीवर चेंगराचेंगरी आणि आग होऊन जवळपास ३०० माणसे गेली. गर्दीचा हेतू भक्ती आहे की निषेध, याच्याशी चढणीला आणि आगीला काही देणेघेणे नसते.

३. कायद्याची चौकट

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ब) नुसार नागरिकांना शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. अनुच्छेद १९(३) नुसार त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. या दोन टोकांमध्ये न्यायालयांनी हळूहळू एक वाट आखली आहे.

हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले की, सार्वजनिक जागेवरील सभांचे नियमन करता येते, पण मनमानी पद्धतीने सरसकट नकार देता येत नाही. मजदूर किसान शक्ती संघटनेच्या प्रकरणात २०१८ मध्ये दिल्लीतील जंतर मंतरवरची संपूर्ण बंदी अमान्य करून आंदोलनांसाठी मार्गदर्शक नियम करण्यास न्यायालयाने सांगितले. शाहीनबागेसंबंधीच्या ऑक्टोबर २०२० च्या निकालात मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असे स्पष्ट केले. तिन्ही निकाल एकत्र वाचले तर सूत्र असे निघते: जागा द्यावी लागेल, पण ती जागा इतरांचे जगणे बंद पाडणारी नसावी. हे सूत्र अमलात आणायचे तर दोन्ही बाजूंनी आधी बसून जागा ठरवण्यावाचून गत्यंतर नाही.

राज्यात व्यवहारात गाठ पडते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ शी आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ शी, म्हणजे पूर्वीच्या १४४ शी. कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीविना पंधरा दिवसांहून अधिक काळ चालू ठेवता येत नाही. तो आदेश प्रसंगापुरता असावा, कायमचा होऊ नये, हाच या मुदतीचा अर्थ.

कचारगडच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तालुक्यात गोंड वस्ती असूनही गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले विशेष अधिकार धनेगावला लागू होत नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा मात्र लागू आहे, आणि त्यानुसार जंगलाचे रक्षण-व्यवस्थापन करण्याबाबत ग्रामसभेला अधिकार आहेत. तेव्हा पायथ्याशी तळ पडणार असेल तर चर्चेला दोन पक्ष पुरत नाहीत. संघटना आणि प्रशासन यांच्याबरोबर ग्रामसभा हा तिसरा पक्ष बसलाच पाहिजे.

४. अनुभवाचा पुरावा

*नागपूर, १९९४.* २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती, आणि आलेले लोक बहुतांशी पूर्व विदर्भातले, त्यावेळच्या अखंड भंडारा जिल्ह्यातलेही. मोर्चा अडवला गेला. निवेदन स्वीकारायला सरकारतर्फे कोणी समोर येईना. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मरण पावले. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. मागणी योग्य होती की नव्हती, या वादाचा या मृत्यूंशी संबंध नाही. अडवलेल्या गर्दीला थांबायला पुरेशी जागा, मागे फिरायला मोकळी वाट आणि निवेदन घ्यायला एक जबाबदार माणूस, या गोष्टी आधी ठरवता येण्यासारख्या होत्या.

*दिल्ली, २०११.* रामलीला मैदानावर योग शिबिरासाठी घेतलेल्या परवानगीवर उपोषण सुरू झाले. ४ जूनची रात्र उलटताच पोलिसांनी झोपलेल्या जमावावर कारवाई केली. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण आयोजक न्यासाच्या माथीही काही जबाबदारी टाकली आणि भरपाईचा २५ टक्के वाटा त्यावर बसवला. आंदोलनाला शिबिर म्हणून दाखवणे आणि झोपलेल्या माणसांवर मध्यरात्री चालून जाणे, हे दोन्ही आडपडद्याने वागण्याचेच प्रकार. उघड बोलणी झाली असती तर दोन्ही टळले असते.

*नाशिक ते मुंबई, २०१८.* ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. वनहक्काच्या दाव्यांची मागणी अग्रभागी होती आणि मोर्चात आदिवासी शेतकरी बहुसंख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून हे लोक मुंबईच्या वेशीवर आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सोमय्या मैदानावरचा मुक्काम आवरता घेऊन, पाय फोडांनी भरलेले असताना, ते मध्यरात्रीनंतर पुन्हा चालू लागले आणि रस्ते वाहते होण्याआधी आझाद मैदानात पोचले. त्याच दिवशी, १२ मार्चला, सरकारने लेखी आश्वासन दिले आणि परतीसाठी विशेष रेल्वेगाड्या सोडल्या. शहराची सोय पाहिल्याने मोर्चाची मागणी कमकुवत झाली नाही. उलट मुंबईकर पाण्याच्या बाटल्या, खाऊ आणि चपला घेऊन रस्त्यावर आले.

*तोडगट्टा, २०२३.* गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, प्रस्तावित खाणींना विरोध म्हणून, अनेक गावांच्या माडिया-गोंड लोकांनी मार्च २०२३ मध्ये तळ ठोकला. झोपड्या उभारून, पाळीपाळीने येऊन त्यांनी तो आठ महिन्यांहून अधिक काळ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी झोपड्या हटवल्या आणि तळ मोडला. त्या तळावर सरकारी सोयी नव्हत्या, तरीही तो टिकला.

*मुंबई, २०२५.* मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्ट २०२५ रोजी मनोज जरांगे यांचे उपोषण आझाद मैदानात सुरू झाले. परवानगी एका दिवसाची आणि ५,००० लोकांची होती; आलेले लोक त्याच्या कितीतरी पट होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर लोकांनी भरून गेला, शौचालये आणि पाणी अपुरे पडले, महापालिकेला धावपळीने टँकर, दिवे आणि आरोग्य पथके पाठवावी लागली. १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करण्याचे आदेश दिले. २ सप्टेंबरला शासन निर्णय निघून आंदोलन संपले. गाड्यांचा ताफा मराठवाड्यातून निघाला तेव्हाच ५,००० हा आकडा खोटा ठरणार हे उघड होते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातली गर्दी यांतली तफावत दोन्ही बाजूंनी मुकाट्याने स्वीकारली, आणि तिचा भार रात्री फलाटावर झोपणाऱ्या आंदोलकावर व सकाळी कामाला निघालेल्या प्रवाशावर पडला.

५. आखणीचे टप्पे

या अनुभवांतून आखणीचा क्रम असा ठरतो.

*पहिला टप्पा: दोन समित्या.* आंदोलनाने वाटाघाटी समिती आणि तळ समिती वेगळ्या नेमाव्यात. प्रशासनानेही मागणीवर बोलणारा अधिकारी आणि तळाची सोय पाहणारा अधिकारी वेगळे ठेवावेत. मागणीची बोलणी फिसकटली तरी तळ समिती आणि तहसीलदार यांची रोजची बैठक चालूच राहिली पाहिजे. पाणी हे वाटाघाटीतले हत्यार होऊ नये, याची हमी या विभागणीतूनच मिळते.

*दुसरा टप्पा: खरा आकडा.* किती लोक येणार हे गाववार विचारून काढावे आणि तोच आकडा अर्जात लिहावा. परवानगी मिळावी म्हणून कमी आणि दबाव यावा म्हणून जास्त, या दोन्ही सवयी सोडाव्यात. प्रशासनाने खरा आकडा पाहून अर्ज फेटाळू नये, नाहीतर पुढच्या वेळी खोटाच आकडा येईल.

*तिसरा टप्पा: जागा.* मागणी ज्याच्याकडे करायची आहे त्याच्या नजरेला पडेल इतकी जवळ, आणि दवाखाना, शाळा, बाजार यांची वाट अडणार नाही इतकी दूर, अशी जागा हवी. कचारगडला हे अधिक नेमके सांगता येते. गुहेची वाट तळाच्या बाहेर राहावी. तळ जंगलाच्या आत नसावा; गावाच्या बाजूच्या मोकळ्या पडीक जमिनीवर असावा. खाजगी शेत वापरायचे असेल तर मालकाची लेखी संमती आणि रब्बीच्या पिकाची भरपाई आधी ठरावी.

*चौथा टप्पा: पाणी, शौच, आग.* शौचालये विहिरी आणि ओढ्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावीत. बायकांची शौचालये वेगळी, उजेडाच्या वाटेवर असावीत. अंधारात जावे लागते म्हणून बायका पाणी पिणे टाळतात आणि आजारी पडतात. चुली एका रांगेत, तळाच्या कडेला असाव्यात. त्यांच्याभोवतीचा पालापाचोळा झाडून मातीचा पट्टा मोकळा करावा, प्रत्येक रांगेशी पाण्याचा ड्रम आणि वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. वनखाते जाळरेषा काढते त्याच पद्धतीने, त्याच खात्याच्या मजुरांसह, हे काम व्हावे.

*पाचवा टप्पा: वाटा आणि आरोग्य.* येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी असावी, आणि १०८ रुग्णवाहिकेसाठी तिसरी वाट कायम मोकळी असावी. प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक दिवसा आणि रात्री तळावर असावे. सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भातील आदिवासी समाजांत आढळतो. थंडी, कमी पाणी आणि दगदग यांनी त्याच्या वेदना उसळतात. पथकाला हे आधी ठाऊक असले पाहिजे.

*सहावा टप्पा: निवेदनाची वेळ.* मागणी कोण ऐकणार, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे तळ पडण्याआधी लेखी ठरावे. गोवारींच्या मोर्चात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

६. आक्षेप आणि उत्तरे

*सहकार्याने आंदोलन निस्तेज होते.* महाडचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी दिलेल्या जमिनीवर मंडप उभा राहिला; दुकानदार माल देईनात म्हणून शिधा बाहेरून आणला गेला. न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. जिल्ह्याचे कलेक्टर मंडपात येऊन बोलले, त्यांचे ऐकून घेतले गेले आणि तळ्यावर जाऊन पाणी घेणे तूर्त तहकूब झाले. त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले. कलेक्टरला बोलू दिल्याने डॉ. आंबेडकरांच्या लढ्याची धार बोथट झाली असे कोणी म्हणणार नाही. तळ्याचा खटलाही पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला.

*सरकारविरोधी आंदोलनाला सरकारी पैसा कशाला?* तळावरचा माणूस आंदोलक होताना नागरिक राहायचा थांबत नाही. पटकी, अतिसार किंवा वणवा तळाची सीमा पाळत नाही. धनेगावच्या विहिरीत शिरलेली घाण गावालाच पाजली जाते. टँकर आणि शौचालये न देऊन पैसा वाचत नाही. तो पुढे बंदोबस्त, रुग्णालय आणि चौकशी आयोगावर खर्च होतो.

*सोयी दिल्या तर लोक उठणारच नाहीत.* तोडगट्टाचा तळ सोयींवाचून आठ महिने टिकला. दिल्लीच्या सीमांवर नोव्हेंबर २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत शेतकरी कडाक्याची थंडी सोसून बसले. लोकांना बसवते ती मागणी आणि उठवते ते तिचे उत्तर. गैरसोयीने फक्त म्हातारे, बायका आणि आजारी माणसे आधी घरी जातात. मागे राहतात ते सर्वात संतापलेले तरुण. कोणत्याही ठाणेदाराला अशी गर्दी नको असते.

*सीमावर्ती, नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या भागात असा तळ धोक्याचा आहे.* चिंता खोटी नाही. पण उघड परवानगी, ठरलेली जागा, ओळखीचे गाववार कार्यकर्ते आणि रोजची बैठक असलेला तळ हा लपूनछपून जमलेल्या जमावापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. संविधानाच्या चौकटीत मागणी मांडण्याची जागा जिथे बंद होते, तिथेच बंदुकीच्या मार्गाला नवी माणसे मिळतात. अशा भागात शांततेचा तळ जपणे हे सुरक्षेचेच काम आहे.

*स्थानिकांना त्रास होतो.* हा आक्षेप सर्वात खरा आहे आणि त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही, व्यवस्थेनेच द्यावे लागते. ग्रामसभेची संमती, ध्वनिक्षेपकाच्या वेळा, शाळा आणि परीक्षेच्या दिवसांची यादी, गावच्या दुकानांतून खरेदी, गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकणारा एक ओळखीचा माणूस, हे तळाच्या आराखड्यातच हवे.

७. सहकार्याची सीमा

सहकार्य म्हणजे शरणागती नव्हे, म्हणून त्याची सीमाही लिहून ठेवावी लागते. परवानगीबरोबर येणाऱ्या हमीपत्रात जी कलमे मुक्कामाची आहेत ती आंदोलकांनी मनापासून पाळावीत: रस्ता न अडवणे, आगीची काळजी, स्वच्छता, ध्वनिमर्यादा. जी कलमे मागणीत हात घालतात ती नाकारावीत. भाषणे आधी दाखवणे, घोषणा मंजूर करून घेणे, अनोळखी माणसाच्या कृत्यासाठी आयोजकाने सर्व नुकसानीची हमी देणे, आलेल्या प्रत्येकाची नावानिशी यादी पोलिसांना देणे, ही कलमे त्यात मोडतात. आरोग्य पथकाकडची नोंद आरोग्यापुरतीच राहावी. ती पोलीस ठाण्यात पोचली तर दुसऱ्या दिवशी आजारी माणूस पथकाकडे फिरकणार नाही.

प्रशासनाच्या बाजूचीही सीमा आहे. तळ समितीच्या बैठकीत आलेला अधिकारी मागणीला पाठिंबा देत नाही आणि विरोधही करत नाही. त्याने निःपक्ष राहावे, आणि त्याच्या निःपक्षपणाचा ‘प्रशासन आमच्या बाजूने आहे’ असा अर्थ मंचावरून लावू नये. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी तळ हटवण्याची कारवाई करणार नाही, एवढे एक कलम प्रशासनाने आपल्या बाजूने लिहून द्यावे. रामलीला मैदानाच्या निकालानंतर ते टाळण्याला कोणतेही सबळ कारण उरलेले नाही.

८. तळ उठवणे

मुक्कामी आंदोलनाचा शेवट हा बहुधा सर्वात कमी आखलेला भाग असतो. वॉशिंग्टनमध्ये १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने, त्यांच्या हत्येनंतर, गरिबांच्या हक्कांसाठी सरकारी परवानगीने तळ उभारला. सततच्या पावसाने त्याचा चिखल झाला; २३ जूनला परवानगी संपली आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तो रिकामा केला. परवानगीची मुदत ठरलेली असली तरी तळ कसा उठवायचा, हा प्रश्न उरलाच होता.

म्हणून आराखड्यात शेवटाच्या तीन शक्यता आधीच लिहाव्यात. मागणी मान्य झाली तर लेखी उत्तर तळावर वाचून कोण दाखवणार. मुदत संपली तर ती वाढवण्यासाठी किती दिवस आधी अर्ज करायचा. आणि बोलणी फिसकटून तळ हटवायचाच झाला तर किती तासांची पूर्वसूचना, कोणत्या वाटेने आणि कोणत्या गाड्यांनी लोक जाणार. परतीच्या एसटीची आणि रेल्वेची सोय यात्रेइतकीच आंदोलनालाही हवी. २०१८ च्या मोर्चाला ती मिळाली होती.

शेवटचे काम जमिनीचे. शौचखड्डे बुजवणे, चुलींची राख पाणी मारून विझवणे, प्लास्टिक गोळा करणे, शेतमालकाला भरपाई देणे आणि ग्रामसभेसमोर जमीन जशी होती तशी परत केल्याचा पंचनामा करणे, हे तळ समिती आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करावे. त्या पंचनाम्याबरोबर किती माणसे आली, किती पाणी लागले, काय कमी पडले, याची नोंद तहसील कार्यालयात राहावी. पुढचा तळ कोणत्याही मागणीसाठी पडो, त्याची आखणी त्या नोंदीपासून सुरू करता येईल.